पोट केळ्याएवढं, मूठ ओंजळीएवढी

“जित्ता माणूसनी मूठ कमी करतस का वं? तुन्हा नवरा मरी गया का?”

मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, ओरडत होती. वय ऐंशीच्या पुढे, वजन माझ्या एका मांडीएवढं (माझ्या जुन्या मांडीएवढं म्हणतोय) आणि आवाज असा की आमच्या गावात ओरडली तर तापीच्या पलीकडच्या काठावर नांगराचे बैल थांबतात. तिचे दोन्ही हात गव्हाच्या पाटीत होते आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिचं एक मनगट धरून ठेवलं होतं. घरात बावीस माणसं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. त्याआधी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचा, म्हणजे एक मूठ आणि वर चिमूटभर. त्या गव्हाच्या पिठाचे रोट करायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. त्यासाठी सुरतेला, पुण्याला गेलेली मंडळी रजा काढून येतात.

आमच्या घरात पुरुष अकरा. दहा जणांच्या नावाला सव्वा मूठ, आणि माझ्या नावाला मोठी माय गेली तीस वर्षं दोन्ही हातांची ओंजळ घालत आली. कारण उरलेले रोट संपवणारा मी. एका वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सतरा रोट शिल्लक होते, तर मला शहाद्याहून ट्रॅक्टरवर बसवून आणलं होतं. येताना ट्रॅक्टर, जाताना ट्रॅक्टर आणि मागं ट्रॉली. कोणालाही विचारा. म्हणजे आमच्या घरातल्या कोणालाही विचारू नका, ते चौदाच होते म्हणतील.

सुनंदा म्हणत होती, “माय, ऐका ना. त्या आते इतलं खाई शकत नही.” त्या म्हणजे मी, आणि आते म्हणजे आता.

तेवढ्यात दिलीप मध्ये पडला. दिलीप म्हणजे मोठ्या मायचा धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ. अंगानं माझ्याच वळणावरचा, आणि गेली सहा वर्षं साखरेच्या गोळ्या खाणारा. हसत म्हणाला, “वहिनी, दादा मेथीनं पानी पेस. आते त्याले काय बी पचस. मी बी त्याच पानीवर शे. दोन महिना व्हई गयात, गोळ्या सोडी दिन्ह्यात.”

मी दाराशी उभा होतो. पायाखालची फरशी गार होती, ती एकदम जास्तच गार लागली. कारण मेथीचं पाणी ही थाप होती, आणि ती माझी होती.

काट्यावरचा दिवस

मी शहाद्याजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाची गाडी प्लेटवर चढते, मी आकडा घेतो, पावती काढतो. बावीस वर्षं दुसऱ्यांची वजनं केली. स्वतःचं वजन करायची सोय मात्र राहिली नव्हती. घरगुती काटे माझ्याखाली एकशेतीसला हात टेकायचे. मग एकदा दुपारी गाड्या नव्हत्या तेव्हा मी स्वतःच प्लेटवर जाऊन उभा राहिलो. आमचा काटा दहा किलोच्या टप्प्यानं बोलतो, मधलं काही सांगत नाही. लाल आकड्यांत आलं, दीडशे. एक ड्रायव्हर ओरडला, “गाडी खाली करा, मग मोजू.”

मी त्यावर सहा महिने विनोद करत होतो. विनोदाला वजन नसतं, म्हणून तो जास्त खाल्ला तरी चालतो असं वाटतं.

एके दिवशी मी कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या झोपलो. हनुवटी टेकली नऊच्या आकड्यावर. जाग आली तेव्हा समोरच्या पावतीवर इतके नऊ होते की त्या शेतकऱ्यानं कापूस नव्हे, आख्खा सातपुडा भरून आणलाय असं वाटावं. शेतकरी बिचारा खूश होता. मॅनेजर नव्हता.

सुनंदा मला सुरतेला घेऊन गेली. तपासण्या झाल्या. मोठ्या चष्म्याच्या सर्जननं सगळं सांगितलं, साखर, रक्तदाब, गुडघे. मी प्रत्येकाला मान डोलावत होतो, जणू लग्नातली ओळख करून देतायत. मग त्यांनी सांगितलं की झोपेत माझा श्वास थांबतो. मी म्हटलं, डॉक्टर, मला तर छान झोप लागते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, सुनंदाकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला झोप लागते का?

ती म्हणाली, चार वर्षं झाली, नाही. हे थांबले की मी हलवते. मग परत सुरू होतात.

एवढंच. तक्रारीचा सूर नाही, काही नाही. दूधवाला कधी येतो हे सांगावं तसं सांगितलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलो. माझा श्वास चार वर्षं एका बाईच्या हातावर चालू होता आणि मी सकाळी उठून तिलाच विचारायचो, चहाला इतका उशीर का.

सुरत

ऑपरेशन काय असतं ते पुस्तकात मिळेल. मला कळलं तेवढं सांगतो. पोटाचा बराचसा भाग काढून टाकतात आणि जे उरतं ते केळ्याएवढं. डॉक्टरांनी बोट वाकवून दाखवलं. मी केळीच्या मुलखातला माणूस. विचारलं, बसराई की वेलची? त्यांना वाटलं मी गुंगीत आहे. गुंगी अजून दिलीच नव्हती.

आधीचे पंधरा दिवस नुसतं पातळ. ताक, वरणाचं पाणी, सूप. तिसऱ्या दिवशी मला भिंतीवरच्या कॅलेंडरमधला लाडू खरा वाटायला लागला. तारीख पाहताना मी हात मागे बांधून उभा राहायचो.

खरी भीती ऑपरेशनच्या सकाळी आली. कपडे बदलले, अंगठी सुनंदाकडे दिली. ती बोटातून निघेना, साबण लावून काढली. वाटलं, हे काय करतोय आपण? लोक पोट भरायला आयुष्य घालवतात आणि मी पोट काढायला आलोय. पळून जावंसं वाटलं, पण मागून उघडा तो हिरवा झगा घालून सुरतेच्या रस्त्यावर पळणं बरं दिसलं नसतं. माझ्या धैर्याचं कारण एवढंच.

शुद्धीवर आलो तर पोटात कोणीतरी पहार ठेवून गेलंय असं. आणि संध्याकाळी म्हणतात, उठा, चाला. वॉर्डात नवापूरकडची एक आया होती, तिला सगळे मावशी म्हणत. मी नंदुरबारचा म्हटल्यावर तिनं मला ताब्यातच घेतलं. एक हात माझ्या काखेत, दुसऱ्या हातात सलाइनचा दांडा. म्हणाली, फरशा मोजा, भाऊ. पहिल्या फेरीला अकरा मोजल्या. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की मी रात्रीतून पाचशे मोजल्या. ती म्हणाली, या मजल्यावर तीनशेच आहेत.

पाणी प्यायला औषधाच्या टोपणाएवढा कप. पंधरा मिनिटांत एक. एक घोट घेतला आणि तो गळ्यातून खाली उतरताना मला कळत गेला, इथे आला, इथे आला, पोचला. बावन्न वर्षांत पाणी प्यायल्याचं मला पहिल्यांदा कळलं. आजही तहान लागली की मला तो कप आठवतो आणि मी मनात त्या मावशीला हात जोडतो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सुनंदा तीन दिवस खुर्चीवर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बसल्या बसल्या झोपली आणि घोरायला लागली. नर्स उठवायला आली, तर मी खुणेनं नको म्हटलं. चार वर्षांची बाकी झोप होती ती. घोरू दिलं.

केळं सांभाळणं

हे लिहायला मला हेतलबेननं सांगितलं. ती त्या हॉस्पिटलातली आहाराची तज्ज्ञ, माझ्या मुलीच्या वयाची, आणि फोनवर माझ्या आवाजावरून मी काय खाल्लंय ते ओळखते. म्हणाली, मधुकरभाई, नवीन लोक घाबरतात, त्यांच्यासाठी लिहा, पण खरं लिहा. शेवटचे दोन शब्द तिनं दोनदा म्हटले.

तर खरं. पहिले महिने सोपे असतात. भूकच लागत नाही. वजन असं उतरतं की पँट रोज सकाळी वेगळ्या माणसाची वाटते. गोष्ट पुढे अवघड होते, जेव्हा भूक परत येते, लोक कौतुक करून थकतात, आणि केळं मात्र जन्मभर सांभाळायचं असतं.

ताट सोडा, वाटी घ्या. माझी वाटी नातीच्या भातुकलीतली आहे असं मी लोकांना सांगतो. तशी नाही, पण जवळपास. आधी डाळ, अंडं, पनीर, मासा जे चालत असेल ते. भाकरीचा नंबर शेवटी. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. घास चावत राहायचा. मी पहिल्यांदा भरीत खाल्लं तेव्हा एका घासाला इतका वेळ चावलं की तोपर्यंत शेजारचा जेवून, झोपून, उठून परत चहाला आला. आणि ‘एक घास अजून’ हा घास कधीच घ्यायचा नाही. तो घेतला की छातीत दगड बसतो, तोंडाला पाणी सुटतं आणि मोरीकडे धावावं लागतं. मी चार वेळा धावलो. पाचव्यांदा अक्कल आली. तुम्हाला दुसऱ्यांदा यावी.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या कायमच्या असतात, बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नसतात. मी बंद केल्या होत्या. केस उशीवर राहायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, मग परत सुरू केल्या. पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबते. पोतं रिकामं झालं याचा आनंद मानायचा.

आणि रडू येतं. हे कोणी सांगत नाही. एका लग्नात शेवभाजीचा टोप समोर होता, वर लाल तर्री, आणि मी दोन चमच्यांत संपलो. हात धुवायच्या निमित्तानं मंडपामागे जाऊन रडलो. चवीसाठी नाही. लोक मला ‘मधुकरले वाढा’ म्हणून ओळखत होते. पंक्ती माझ्याभोवती जमायच्या, पैजा लागायच्या. आई मी लहान असतानाच गेली, मोठ्या मायनं मला वाढवलं, आणि तिची मायेची भाषा एकच, वाढणं. मी खाल्लं की ती हसायची. आता मी खाल्लं नाही तर तिच्याशी बोलणार कुठल्या भाषेत?

म्हणून सांगितलं नाही. ऑपरेशन करून बारीक झालो म्हटलं तर लोक म्हणतील, स्वतःच्या तोंडावर ताबा नव्हता म्हणून पोट कापून घेतलं. हर्निया झाला असं सांगून सुरतेला गेलो. परत आलो आणि वजन उतरायला लागलं तेव्हा म्हटलं, मेथीचं पाणी. आणि रोज पहाटे शहाद्याहून तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत पायी, तिथल्या संगमावर हातपाय धुऊन परत. थाप आहे म्हटल्यावर ती अंगभर असावी. सुनंदा शेजारी बसून तांदूळ निवडत होती. लोक गेल्यावर म्हणाली, डॉक्टरांनी पोट कापलं, जीभ तशीच ठेवली.

पहिल्या श्रावणात कानबाईला मी जुलाबाचं निमित्त केलं आणि गेलोच नाही. त्या वर्षी रोट कसे संपवले ते कोणी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नव्वद, नव्वद, नव्वद

सुनंदानं घरी नवा काटा आणला होता, काचेचा, ग्रॅमपर्यंत सांगणारा. मी त्याला पलंगाखाली ढकलला. म्हटलं, मी व्यवसायानं काटेवाला, माझं वजन व्यावसायिक काट्यावर होईल. दर सोमवारी जिनिंगच्या प्लेटवर उभा राहायचो. एकशेवीस झालं, शंभर झालं, आणि वर्षाच्या आत नव्वद. मग नव्वदच. पुढच्या सोमवारी नव्वद. महिनाभरानं नव्वद. सहा महिन्यांनी नव्वद. हेतलबेनला फोनवर सांगायचो, बघा, खांबासारखं स्थिर आहे.

आता मघाशी सांगितलेलं आठवा. तो काटा दहाच्या टप्प्यानं बोलतो. पंच्याऐंशी असो की चौऱ्याण्णव, तो नव्वदच म्हणणार. हे जगात कोणाला माहीत नसेल तर चालेल, मला माहीत होतं. रोज चार शेतकऱ्यांना मीच समजावतो, भाऊ, काट्याला एवढं दिसत नाही. पण स्वतःला समजावायला माणूस काट्याच्या पलीकडे उभा असावा लागतो.

पोट लहान असलं तरी गोड पातळ त्यातून सरळ घसरतं. काट्यावर प्रत्येक ड्रायव्हर चहा पाजतो, अर्धा कप. अर्धा कप म्हणजे काही नाही. असे दिवसातून नऊ काही-नाही. मग गुऱ्हाळावरचा उसाचा रस, तो तर आपल्या शेतातलाच. मग शेव, कारण शेव जेवण नाही, शेव म्हणजे हाताला चाळा.

आषाढात एका सोमवारी प्लेटवर उभा राहिलो आणि लाल आकडा शंभर.

मी उतरलो. परत चढलो. शंभर. चपला काढल्या. शंभर. मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवल्या. शंभर. मग मी ठरवलं की काटा बिघडलाय. गोदामातली वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं वाहून आणली, एकेक करून प्लेटवर ठेवली, घामानं निथळलो. काटा तंतोतंत होता. बावीस वर्षांत त्यानं मला एकदाही फसवलं नव्हतं, आणि मी त्यालाच साक्षीदार करून घरच्यांना फसवत होतो.

तरी मी कोणाला सांगितलं नाही. पँटचा हुक परत ताणायला लागला होता, सुनंदानं ते पाहिलं होतं, ती काही बोलली नव्हती. पण कधी कधी उठल्यावर मला तिचा हात माझ्या छातीवर सापडायला लागला. परत.

अशा वेळी श्रावण आला, आणि मोठ्या मायचे दोन्ही हात पाटीत गेले.

मूठ

दिलीपचं ते वाक्य, गोळ्या सोडी दिन्ह्यात, कानात राहिलं होतं. ओंजळ घेतली असती तर माझी थाप आणखी एक वर्ष चालली असती. रोट मी रुमालात लपवले असते, कुठे ना कुठे जिरवले असते. पण दिलीप हसत होता आणि त्याचे ओठ कोरडे होते. सकाळपासून तो तिसऱ्यांदा तांब्या भरून पाणी पीत होता, आणि ते पाणी मेथीचं होतं.

मी पुढे गेलो, पाटीशी बसलो. खाली बसता येतं आता मला, हाही त्या सर्जनचा उपकार. शर्टाची दोन बटणं काढली आणि मोठ्या मायला पोट दाखवलं. पाच बारीक खुणा आहेत, मुगाच्या दाण्याएवढ्या.

सांगितलं सगळं. हर्निया नव्हता. मेथी नव्हती. प्रकाशाला मी गेल्या दोन वर्षांत तीनदा गेलो, तिन्ही वेळा एसटीनं. पोट कापून काढलंय, केळ्याएवढं उरलंय, आणि तेही मी नीट सांभाळलं नाही, दहा किलो परत आलेत. हे शेवटचं वाक्य मी सुनंदाकडे पाहून म्हटलं. तिनं मोठ्या मायचं मनगट सोडलं.

मोठी माय जवळ सरकली. तिनं गव्हाच्या बोटानं एका खुणेला हात लावला.

“इतलाशा भोकमाईन काढं?”

हो म्हटलं.

“पयलेच काबर नही सांगं?”

लाज वाटनी, म्हटलं.

तिनं खुणेवरचं बोट काढलं. मला वाटलं आता रडेल, मीही रडेन, बावीस माणसं रडतील, कार्यक्रम छान होईल. पण ती दिलीपकडे वळली आणि विचारलं, तुझ्या गोळ्या कुठे आहेत. तो म्हणाला, पिशवीत असतील, “सकायपाईन चालू करसू.” सकाय म्हणजे आमच्याकडे उद्या.

“सकाय नही,” ती म्हणाली. “आते.”

आणि तो पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, उठून पिशवी शोधायला गेला. दुसऱ्या दिवशी मीच त्याला गाडीवर मागे बसवून शहाद्याला त्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आधी त्याला झापलं आणि मग, मेथीचा शोध कोणाचा हे कळल्यावर, मला झापलं. माझा हिस्सा मोठा होता. जुनी सवय.

दिलीप पिशवी शोधत असताना मोठ्या मायनं माझं नाव घेतलं, उजवा हात पाटीत घातला आणि मूठ काढली. एका हाताची. वर चिमूटभर. धाकट्या नातवाच्या नावाला घातली होती तेवढीच, दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही. तीस वर्षांत माझ्या नावाला पहिल्यांदा खरी सव्वा मूठ पडली. मला वाटलं होतं, ओंजळीची मूठ झाली की मी या घरात कमी होईन. पण ती पाटीवरून हात फिरवत पुढचं नाव घेऊ लागली, जसं काही झालंच नाही.

पौर्णिमा

रोट संपले का, हे विचाराल. मीही तेच विचारत फिरत होतो. रविवारी रात्री माझ्या वाटीत आधी डाळ, मग गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, मग पाव रोट, चाळीस मिनिटं. फोनवर हेतलबेनला शंभरचा आकडा सांगितला होता. ती रागावेल म्हणून मी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता. ती रागावली नाही. म्हणाली, वजन वापस आना गुनाह नहीं है, मधुकरभाई, अच्छा हुआ बता दिया. मग चहा किती, रस किती, शेव किती, सगळं वदवून घेतलं आणि एक वही घालायला सांगितली. जे तोंडात जाईल ते वहीत जाईल. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की शेवेची मूठ लिहायची असली की ती डब्यातच राहते.

आणि रोट? सगळ्यांनी आपापले खाल्ले. इतकं साधं होतं. इतकी वर्षं दहाही जण ‘मधुकर शे ना’ म्हणून आपले अर्धे माझ्याकडे सरकवत होते आणि मी त्याला माझा पराक्रम समजत होतो. या वेळी पुण्याच्या पुतण्यानं सकाळच्या चहाबरोबर रोट खाल्ला, दिलीपनं डॉक्टरांना विचारून बेतानं खाल्ला, मी रोज पाव. पौर्णिमेला सकाळी शेवटच्या रोटाचे अकरा तुकडे झाले. माझा तुकडा नखाएवढा होता. मी तो इतका चावला की त्याचा पुन्हा गहू झाला असावा.

मग मी सुनंदाला तिचा तो काचेचा काटा मागितला. ती तो शहाद्याहून पिशवीत घालून घेऊन आली होती. कधी ठेवला, काय विचार करून ठेवला, तिनं सांगितलं नाही. ओसरीवर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत मी त्यावर चढलो. शहाण्णव किलो, तीनशे ग्रॅम. आकडा मोठ्यानं वाचला. दीड वर्षात मी पहिल्यांदा माझं वजन दशांशासकट ऐकत होतो, आणि ते माझ्याच तोंडून.

नंतर मला राहवेना. मोठ्या मायपुढे बसलो आणि आभार मानायला लागलो. म्हटलं, माय, त्या सर्जनचे उपकार, त्या मावशीचे उपकार, सुनंदाचे तर सात जन्म फिटणार नाहीत, पण तुझ्या त्या एका मुठीनं मला जे दिलं ते तीस वर्षांच्या ओंजळींनी दिलं नाही. म्हटलं, बघच तू, पुढच्या कानबाईला मी ऐंशी किलोचा असेन, प्रकाशापर्यंत खरोखर पायी जाईन, येताना तुला खांद्यावर बसवून आणीन, तापी आडवी आली तर पोहून आणीन. बावीसपैकी किमान पाच जणांचे डोळे ओले होते, बाकीचे मोजायचे राहिले.

मोठी माय रिकाम्या पाटीतलं पीठ झटकत होती. माझं बोलणं संपेपर्यंत थांबली.

“सकाय परत मोज,” ती म्हणाली.